उभी झोप

केन्सिंग्टनच्या लोखंडी पुलाखाली
मंगळवारी आमची गाडी लागते.
विल्फ्रेडो बाही वर करतो
आणि मी तोंडानं श्वास घेऊ लागते.

दंडात सुई कधी टोचलीच नाही म्हणतो.
जखम मात्र तिथेच: काळी खपली, कडेला ओल,
आत पांढरं काहीतरी, ज्याचं नाव
आम्ही दोघंही घेत नाही.

परवा नालोक्सोन दिलं. श्वास परत आला,
माणूस यायला तास लागला.

पुडीत काय मिसळलंय ते तपासायची पट्टी पुढे करते,
तर हसतो. "मला विचार की.
अकरा वर्षं रेसकोर्सच्या तबेल्यात होतो.
नाल ठोकण्याआधी घोडीला हेच द्यायचे डॉक्टर.
मान खाली, ओठ लोंबलेला,
पण पडायची नाही. उभ्या उभ्या झोपायची.
मानेवर हात ठेवून थांबायचं,
जागी होईस्तोवर. तेवढंच माझं काम."

मी गाठ मारते.
बाहेर फुटपाथवर सहा-सात जण
कमरेत वाकलेले, उभेच.
विल्फ्रेडो उतरतो,
त्यातल्या एकीपाशी जातो,
पट्टीचा हात तिच्या मानेवर ठेवतो.
थांबतो.

मी हातमोजे बदलते.
पुढचा कोण?