पन्नास ग्रॅम

मी वजनं तपासते. सरकारी नोकरी आहे.
शिसवी पेटीत मखमल, मखमलीत खळगे,
खळग्यांत पितळेची वजनं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत,
शेवटी चिमट्यानेच उचलायची ती पातळ पत्र्याची पिल्लं.
बावीस वर्षं ही पेटी काखोटीला मारून
नाशकातल्या दुकानांच्या पायऱ्या चढते
आणि चहा नको म्हणते.

सराफ बाजाराच्या एका बोळात
मुकुंद दंडगव्हाळांचं दुकान. दुकान कसलं, एक फळी.
जोडवी, मासोळ्या, बाळाचे वाळे.
त्यांचं पन्नासचं वजन माझ्या पन्नासपुढे वर राहिलं.
केसभर. पण वर.
"बाई, रोज सकाळी पुसतो हो मी," ते म्हणाले,
"आधी वजन, मग देव."
मी म्हटलं, "पुसून पुसूनच झिजलं असेल."
मला माझं वाक्य आवडलं होतं.
घरी जाऊन नवऱ्यालाही ऐकवलं.
दंडाची पावती फाडली तेव्हा
शेजारच्या फळीवरचा पोरगा बघत होता.

त्या मोसमात मला कितीतरी जण हलके सापडले.
गाव बिघडलंय, मी जेवताना म्हणायचे.

मार्गशीर्षात माझी पेटी प्रयोगशाळेत गेली.
तपासणाऱ्याचीही तपासणी असते,
आधीचे साहेब पेटी न उघडताच शिक्का द्यायचे,
माझ्या नावावर विश्वास होता त्यांचा.
हा खैरनार नवा. त्याने उघडली.
"मॅडम, तुमचं पन्नास जड आहे."
"जड?"
"अठ्ठेचाळीस मिलिग्रॅम."
त्याने ते उजेडात फिरवलं. मुठीखालच्या खाचेत
लाखेसारखं काळपट, टणक काहीतरी.
टाचणीने खरवडलं तर आतून लाल निघालं.

कुंकू.

दर खंडेनवमीला मी पेटी उघडते,
बोट बुडवून एकेका वजनाला लावते.
पन्नासला जरा जास्तच,
ते बरोबर मधोमध बसतं म्हणून.

रामकुंडाजवळ तो दुतोंड्या मारुती उभा आहे.
पूर किती, ते आम्ही त्याच्या अंगावर वाचतो.
गुडघे, कंबर, छाती; गळ्याशी आलं की
सराफ बाजार माल वरच्या मजल्यावर चढवतो.
इतकी वर्षं बघत आले त्याला,
पण माप म्हणून उभं राहायचं
तर स्वतः पाण्यात असावं लागतं
हे त्या दिवशी पुलावरून जाताना सुचलं.
मी कायम काठावरून आकडे सांगितले.

लेकीने पहिला पगार हातात ठेवला तेव्हा
मी आधी मोजला.
धाकटीने स्वतःचं स्वतः लग्न ठरवलं,
"बघ हं, तोलून," एवढंच म्हटलं मी.
नवरा तर काय, रोजचाच काट्यावर.
कुणाकुणाला हलकं ठरवलं असेल
या माझ्या अठ्ठेचाळीस मिलिग्रॅमने.

दंडगव्हाळांकडे गेले. पैसे परत द्यायचा
फॉर्म आमच्याकडे नाही. अर्ज केलाय, साहेब हसले.
धुतलेलं पन्नास त्यांच्या पन्नाससमोर ठेवलं.
काटा सरळ उभा राहिला.
"चूक माझी होती," मी म्हटलं,
तेवढ्यापुरता आवाज मोठा ठेवला,
शेजारचा पोरगा ऐकेल इतका.
दंडगव्हाळ काट्याकडे बघतच नव्हते.
एका बाईचं पैंजण झाळत होते.
"बरं," म्हणाले.
या खेपेला चहा विचारला नाही.

बोळातून बाहेर पडले तर बाजार होता तसाच.
घासाघीस, गर्दी, कुणी कुणाला फसवत असेलही.
पेटी मात्र हाताला वेगळी लागत होती.

यंदाच्या खंडेनवमीला झेंडू आणला.
कुंकू पेटीला लावलं, बाहेरून, कडीवर.
मग वजनं काढून एकेक पुसलं,
पन्नास सगळ्यांत शेवटी,
आणि फडकं खिडकीशी धरून पाहिलं
कुठे लाल उतरलंय का.