चौथा सिंह

सराफ कट्ट्यावर आमची गादी म्हणजे दीड हात पायरी.
वडील पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून मणी ओवायचे,
मी दोऱ्याला मेण लावून द्यायचो.
पासष्टची लढाई थांबून दिवाळीही होऊन गेली होती
तेव्हा अंबव्वा येमूल आली, विड्यांचा कारखाना सुटल्यावर,
बोटांना तंबाखूचा वास.
पदराच्या गाठीतून निघालं ते डोरलं नव्हतं.
खाकी कोटाचं पितळी बटण.

तारेत शब्द होता : बेपत्ता.
पोस्टमनने त्याचा तेलुगूत एक अर्थ सांगितला,
शेजारणीने दुसरा,
सासूने तिच्या बांगड्यांकडे बघून तिसरा.
सोन्याच्या वाट्या धाकट्या दिराच्या फीत गेल्या.

"पितळ आहे," वडील म्हणाले, "मान हिरवी पडेल."
"पोनी," ती म्हणाली.
पडू दे.

बटणावर तीन सिंह.
मी सातवीत. शाळेतलं बोलून गेलो :
असतात चार, चौथा पाठीमागं, दिसत नाही.
तिनं बटण पालथं केलं.
मागं नुसती कडी, दोरा ओवायची.
ती बराच वेळ कडीकडेच बघत राहिली.
मग म्हणाली, सिंह आत. गळ्याकडं.

दरवर्षी गड्ड्याच्या आधी यायची,
घामानं दोरा कुजलेला असायचा.
वडिलांमागं मीच ओवायला लागलो.
दोरा सुटा असेपर्यंत ती गळ्यावर हात धरून बसे,
तरी बोटांच्या फटीतून दिसायचा डाग,
जुन्या रुपयाएवढा,
समोर कासाराच्या दुकानात
लग्नाच्या चुड्याला असतो त्या रंगाचा.
सात वर्षांनी पेन्शनच्या कागदावर
'विधवा' या शब्दाखाली तिनं अंगठा दिला होता.
गळ्याला ते कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

परवा गेली.
न्हाऊ घालताना बायकांत वाद झाला म्हणे,
हिरवं नेसवायचं की पांढरं.
एकीनं चिंच लावून डाग घासूनही पाहिला.
चिंचेनं पितळ उजळतं, माणसाचं कातडं नाही.
शेवटी काय नेसवलं, मी विचारलं नाही.

आज तिची पुतणी आली, दिराची मुलगी,
प्लास्टिकच्या पिशवीत बटण आणि तुटलेला दोरा.
मला ओवून द्या, म्हणाली.
मी अंगठ्यात दोरा अडकवला. बटण हातात घेतलं.
तीनही सिंह झिजून गुळगुळीत.
"सिंह आत की बाहेर?"
ती पिशवीची घडी घालत राहिली.