तिरीप

दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले की
मानवतच्या जुन्या जिनिंगमधली
पत्र्याची भोकं कामाला लागतात.
पावणेआठ ते आठ.
त्याआधी ऊन भिंतीपलीकडं, लिंबाच्या शेंड्यात अडकलेलं,
त्यानंतर ते नुसतं ऊन,
कुणाचंही.

दिवसभर मी दुकानात माणसं बसवतो पांढऱ्या पडद्यापुढं.
हनुवटी वर. कान दिसू द्या. हसू नका.
सावली पडली तर फॉर्म परत येतो.
तेव्हा ही पंधरा मिनिटं माझी,
कानटोपी, बोटं कापलेले हातमोजे,
आणि गेटवर शेकोटीशी उकिडवे बसलेले मुनीरचाचा:
"आलास का, उन्हाचं आधार कार्ड काढायला?"

आत अंधार. सरकीचा तेलकट वास.
कापसाचा ढीग कैचीला टेकलेला
आणि वरून तिरप्या उतरलेल्या तिरपी.
गेल्या साली एकोणीस मोजल्या होत्या, यंदा तेवीस.
पत्रा गंजत चाललाय,
माझं भलं होत चाललंय.

गार भिंगावर श्वास पडला तर वाफ धरते,
म्हणून श्वास धरून ठेवायचा.
एवढं लवकर जमलं.
दुसरी गोष्ट कळायला मात्र दोन हिवाळे गेले:
ऊन दिसत नाही.
त्याला अडायला मध्ये काहीतरी लागतं.
यंत्रं बंद असली, बारीक रुई खाली बसली
की हवेत काहीच नसतं,
फरशीवर तेवढी नाणी सांडलेली,
उचलता न येणारी.

म्हणून एका सोमवारी,
यंत्रं सुरू व्हायच्या आधी,
मी चौत्राबाईला म्हणालो,
मावशी, जरा फडकं झटका की इथं, उजेडात.
तिनं तोंडाला बांधलेलं फडकं सोडलं
आणि झटकलं.

काय सांगू.
तिरीप भरली. हात लावला तर लागेल अशी.
अजून एकदा, मावशी.
अजून.
चौथ्यांदा ती वाकली,
एक हात ढिगाला, एक छातीला,
आणि खोकत राहिली, आठ वाजून जाईपर्यंत.
मग पदरानं डोळे पुसून, रागानं नाही,
खरंच विचारावं तसं विचारलं:
"तुला दिसायलंय का नीट?
बावीस वर्षं झाले,
मला तर ते आत जायलंय, एवढंच कळतंय."

मी कॅमेऱ्याची टोपी लावली.
पण फोटो पुसले नाहीत. खोटं कशाला बोलू.
बियाणांच्या दुकानदारानं कॅलेंडरसाठी एक मागितला,
दिला. बाराशे रुपये, डिसेंबरचं पान.
तिला एक कॅलेंडर नेऊन दिलं.
ती पानभर उजेड बघत राहिली,
मग मधल्या काळ्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाली,
"ही कोण?"

यंदा मालकानं छत नवं केलं.
भिंतीत दोन पंखे बसवले, माणसाएवढे,
रुई ओढून बाहेर फेकणारे.
मी गेलो तर आत सगळीकडं सारखा उजेड,
ट्यूबलाइटचा, सरळ, बिनतक्रार.
मुनीरचाचा काही बोलले नाहीत,
शेकोटीपाशी सरकून जागा दिली.
मला बरं वाटायला पाहिजे होतं.
वाटलं पण. घरी गेल्यावर. थोडं.

परवा चौत्राबाई दुकानात आली,
कसल्याशा कार्डाला दोन फोटो पाहिजेत म्हणून.
पांढऱ्या पडद्यापुढं बसली, हात मांडीवर.
"ऊन गेलं म्हण तुझं," म्हणाली.
मी म्हणालो, हनुवटी वर.
कानामागं तिच्या रुईचं एक बोंदकं अडकलेलं,
एवढंसं, श्वासानंसुद्धा हलणारं.
मावशी, ते काढा, असं तोंडावर आलं होतं.
नाही बोललो.
श्वास धरला आणि बटण दाबलं.

पांढऱ्यावर पांढरं.
फोटोत ते आलं नाही.
फॉर्म काही परत आला नाही.