डावखुरं कपाट

कारेलीबागेतला हा तळमजल्याचा फ्लॅट घेतला तेव्हा
भिंतीतलं कपाट बरोबर आलं.
काढायचं तर भिंत फुटली असती,
आणि भिंतीपुरते पैसे आमच्याकडे उरले नव्हते.

वलसाडी साग. सात फूट.
मधोमध लिहायला खाली उघडणारी फळी,
तिच्यामागे चौदा खण, एकाचं माप दुसऱ्याला नाही.
पहिलं वर्षभर मी त्याच्याशी भांडले.
दार नको त्या बाजूने उघडायचं,
कडी हाताला सापडायची नाही,
दिवा अशा कोपऱ्यात बसवलेला की लिहिताना
माझ्याच हाताची सावली माझ्या अक्षरावर.

दिवाळीआधी पॉलिशला वशरामभाई आले,
चष्मा कपाळावर, पेन्सिल कानामागे.
फळी उघडली आणि हसले.
"बेन, आ तो में बनाव्युं छे.
मजमुदारसाहेब डाबोडी हता."

डावखुरे.

वीज मंडळात नकाशे काढणारा माणूस.
शाळेत त्याच हातावर छड्या खाल्लेल्या.
पन्नाशी उलटल्यावर एक वस्तू
त्याने आपल्या हाताच्या बाजूने करून घेतली.
वशरामभाई म्हणे आधी एक अख्खी दुपार
त्याला जेवताना, लिहिताना, कुलूप लावताना
नुसते बघत बसले,
मग खिशातून टेप काढली.

जाताना मला सांगून गेले:
ओलं फडकं नको. पिळा, अजून पिळा.
अळशीचं तेल, चमचाभर, जुन्या बनियनच्या तुकड्याने,
रेषा जाते तिकडे. आडवं चोळलंत तर ते विसरत नाही.
खण अडला तर ओढाताण नको, खालच्या पट्टीवर
मेणबत्ती फिरवा, देवापुढची उरलेलीही चालेल.
आणि श्रावणात दार फुगलं म्हणून लगेच रंधा?
"थोभो," म्हणाले,
"नवरात्रीपर्यंत आपलं आपण बसेल."

बसलं.

ज्या वर्षी विश्वामित्री घरात आली
आणि मागच्या गल्लीत मगर पाहिल्याचं
जो तो शपथेवर सांगत होता,
पाणी दुसऱ्या खणापर्यंत चढलं.
गाद्या गेल्या, फ्रिज गेला, लग्नाचा अल्बम गेला.
ओसरल्यावर सगळ्यांचं एकच: ऊन दाखवा, हीटर लावा.
फोनवर वशरामभाई ओरडले, सावली!
दारं सताड उघडी. खालच्या फळ्या काढून विटांवर.
घाई केलीत तर चिरेल, मग मला बोलावू नका.

तेवीस दिवस ते आ वासून उभं होतं,
नदीचा वास सोडत.
आम्ही त्याच्यासमोर जमिनीवर बसून
शेजाऱ्यांनी दिलेली खिचडी खाल्ली.
रोज सकाळी मी आत हात घालून बघायची,
ताप उतरला का बघतात तसा, उलट्या हाताने.

तळाला अजून एक फिकट रेघ आहे.
पॉलिशमध्ये बुडाली असती. राहू दिली.

आता मुलगा म्हणतो, बिजागऱ्या फिरवून घे,
दिवा पलीकडे ने, एका दिवसाचं काम.
उगाच किती वर्षं वाकडं व्हायचं?
हो म्हटलं. गुडघ्यांइतकेच खांदेही दुखतात हल्ली.

वशरामभाई आता येत नाहीत, डोळे गेले.
नातू आला, पार्थिव, लेसरने माप घेणारा.
लाल ठिपका सागावरून सरकत गेला,
रेघेपाशी जरा थांबला.
मी त्याला खण काढून दाखवत होते, हा बघ, हा,
हा जरा दमाने, याला आधी वर उचलावं लागतं,
कडी अशी, फळी अशी.

"मासी," तो म्हणाला, "तमे पण डाबोडी छो?"

चहाचा कप माझ्या उजव्या हातात होता,
अर्धा भरलेला,
एक थेंबही सांडला नव्हता.

त्याने लेसर बंद करून खिशात टाकला.
बिजागऱ्यांचं काही बोलला नाही, मीही नाही.
"मेणबत्ती आहे का?" त्याने विचारलं,
"तिसरा खण थोडा अडतोय."