इंग्रजी नाव

बुराईच्या काठी जिथं डांबर संपतं
आणि नदीनं कुरतडलेल्या पिवळ्या घळी सुरू होतात,
तिथं पाटी रंगवायचं काम मिळालं.
पत्रा चार बाय सहा, हिरव्यावर पांढरं,
अक्षरामागे बारा रुपये,
काना-मात्रा फुकट.

साहेबांच्या चिठ्ठीत दोन रकाने.
मराठी नाव : चिंकारा.
इंग्रजी नाव : कोरं.

वनरक्षक मोतीलाल पावरा म्हणाला,
गोऱ्या शिकाऱ्यांच्या वह्यांत 'रॅव्हिन डिअर' असायचं,
घळीतलं हरीण.
मी मनात मोजलं : दहा अक्षरं, एकशे वीस.
मग त्यानंच मान हलवली.
"हरणाची शिंगं दरसाल गळतात, मुश्ताकभाई.
याची एकदा आली की मरेपर्यंत सोबत."
घोड्यावरून बघणाऱ्याला काय दिसणार?
घळ, आणि घळीत पळणारं काहीतरी.

"इंडियन गझेल टाक मग."
तेरा. एकशे छप्पन्न!
खडूनं आखायला घेतलं
आणि हाताच्या सवयीनं 'गझल' लिहून बसलो.
मोतीलाल हसला.
मी लगेच पुसलं नाही.
पत्र्यावर थोडा वेळ बरं दिसत होतं ते.

शेवटी त्यानं मोबाईल उंच धरून रेंज पकडली,
शब्दकोश उघडला,
आणि बराच वेळ गप्प.
"इंग्रजीत चिंकाऱ्याला काय म्हणतात, माहितेय?
चिंकारा."
इथलंच उचललं, तिकडं नोंदवलं,
आता आपण त्यांना विचारतोय.
वर त्यांच्यात एकाला चिंकारा, दहांनाही चिंकारा,
मागं 'एस'चं शेपूट लावत नाहीत.
बंदुकीच्या नळीतून मोजलेल्या जनावरांचं
असंच असतं म्हणे अनेकवचन.
आपल्यात निदान
दोन झाले की चिंकारे होतात.

मेंढ्यांच्या मागून ठकुबाई ठेलारी आली,
काठीवर हनुवटी टेकून उभी राहिली.
"काय लिखस रे भाऊ?"
जनावरनं नाव, म्हटलं.
"नाव कसानं? शिंक शे ती."
आणि पाय आपटून, नाक फेंदारून
तिनं अशी शिंक काढून दाखवली
की तिचीच मेंढरं चार पावलं सरकली.
वास लागला, लांडगा असो की माणूस,
की ते असं शिंकतं.
हिंदीत छींक, आपल्यात शिंक,
मधल्या कुठल्या तरी पायवाटेवर ते चिंकारा झालं.

माझी अम्मी, मी ब्रश घेऊन निघताना
कुणी शिंकलं तर परत बसवायची,
पाणी पाजायची, मग सोडायची.
बिलं अडकली की बाबूला मी विचारतो,
कुठं माशी शिंकली?
आमची शिंक म्हणजे आडवी आलेली मांजर.
आणि घळीत
एक शिंकतं म्हणून बाकीचे वाचतात.

ऊन उतरताना दुसऱ्या रकान्यात
तेच नाव परत लिहायला घेतलं.
सी, एच, आय…
आठ अक्षरं. शहाण्णव.
साठ रुपये घळीत गेले माझे.
शेवटच्या 'ए'चा आडवा दांडा ओढत होतो
तेव्हा पलीकडून आवाज आला.
बारका, कोरडा, एकदाच.

"सत्य," मोतीलाल पुटपुटला,
बोलता बोलता कुणी शिंकलं की म्हणतात तसं.

ठकुबाई तोवर टेकाडामागं गेलेली.
तिनंच गंमत केली असेल,
किंवा नसेल.
हात मात्र हलला,
'ए'चा एक पाय पळाल्यासारखा लांब गेला.
दुरुस्त करता आला असता,
टर्पेंटाइन होतं डब्यात.
तसाच ठेवला.
खाली बारीक अक्षरांत लिहिलं :
मुश्ताक पेंटर, दोंडाईचा.
त्याचे पैसे कोणी देत नाही.