आठ आणि नऊ

मार्केट यार्डातून घरी येतो
तेव्हा दोनदा साबण लावूनही नखांत हळद असतेच.
श्रेणिक दारातच उभा, पुस्तक उलटं धरून,
एक कोपरा चघळून चघळून मऊ झालेला.
"वाच."
चहासुद्धा नंतर.

पुस्तक ताईच्या पोरीचं, सांगलीवाडीहून आलेलं.
पुराच्या वर्षी माळ्यावर ठेवलं होतं,
पाणी माळ्यावरही गेलं.
मग गच्चीत दोरीला चिमटे लावून वाळत घातलं,
रेशनकार्डाशेजारी, लग्नाच्या अल्बमाशेजारी.
वाळलं. फक्त आठ आणि नऊ
एकमेकांना चिकटले ते चिकटलेच.

गोष्ट शेळीची.
सातव्या पानावर ती नदीकाठी उभी, गळ्यात घुंगरू.
दहाव्यावर घरी, अंग झाडत.
मधलं छापणाऱ्याला ठाऊक.

तिथं आलं की त्याचं बोट थांबतं.
"इथं काय?"
सोमवारी म्हणालो, नाव आली.
मंगळवारी म्हैस आली, शेळी तिच्या पाठीवर बसली.
एकदा दिवसभर सौद्यात पोती मोजून दमलेलो,
म्हणालो, पूल होता की रे, आयर्विनसारखा,
गेली चालत.
तो बघत राहिला माझ्याकडं,
काट्यात खोट दिसल्यावर शेतकरी बघतो तसा.

त्रिशला म्हणाली, वाफ धरूया, सुटतील.
रविवारी धरलीही.
कडेनं जरा उघडलं, आत निळं दिसलं,
बोटभर, नुसतं निळं,
तेवढ्यात त्यानं हात घातला.
टर्र.

आम्ही दोघं गप्प.
आठवर शेळीचे मागचे पाय तेवढे राहिलेले,
तिचं तोंड सोलून नऊवर गेलेलं, उलटं,
आणि नऊचे शब्द आठवर, आरशातल्यासारखे.
मी वाचायला गेलो,
एक अक्षर लागेना.

श्रेणिकनं पुस्तक ओढून घेतलं.
निळ्यावर बोट ठेवलं, पिवळसर,
माझ्याच हातांनी लागलेलं,
आणि आमच्याकडं न बघता वाचलं,
"शेळी. पाणी. बाबा आला."

त्रिशला उठून किटली ठेवायला गेली,
बराच वेळ आली नाही.

त्याला कुठला धीर. भराभरा पानं उलटली,
कारण खरी मजा मागच्या कव्हरावर:
मी म्हणायचं, "किंमत रुपये पंधरा,"
आणि त्यानं
टाळ्या वाजवायच्या.