चार इंची

मधली भिंत चार इंची,
तीही पत्र्यापर्यंत पोचत नाही.
वरच्या वीतभर फटीतून
बालमणी अत्यांचा बल्ब आमच्याकडं येतो,
आमची फोडणी त्यांच्याकडं जाते.
आणखी काय काय जातं
ते लग्नानंतर महिनाभर मी मोजत राहिले.
बांगड्या काढून उशीखाली ठेवायचे.
खाटेच्या पायांना अंबादासनं
टॉवेलच्या चिंध्या बांधल्या,
मग गादीच खाली घेतली.
हसू कुठं बांधायचं?

मागच्या बोळात यमुल शेठचे आठ माग.
रात्रपाळी सुरू झाली की
खटक खट, खटक खट,
फळीवरची ताटं थरथरायची
आणि आम्ही बोलायला लागायचो.
भांडायचोसुद्धा तेव्हाच, मोठ्यानं, मनसोक्त.
लातूरहून आई आली की विचारायची,
साखर पेठेत झोप कशी लागते गं तुला?
सवय झाली, म्हणायचे.
कसं सांगणार तिला,
की या घरात आतून कडी लागणारं
तेवढं एकच दार आहे.

मधेच वीज जायची.
धोटा जिथल्या तिथं थांबायचा
आणि माझं अर्धं वाक्य उघड्यावर पडायचं.
पलीकडं अत्या खोकायच्या.
खोकला नव्हता त्यांना.

दिवाळीनंतर शेठनं माग उचलून
चिंचोळीला नेले.
पहिल्या रात्री कळलं,
आमच्या घड्याळाला आवाज आहे.
अंबादास कानाशी म्हणाला, उद्या बोलू.
उद्या, परवा.
एकदा मी त्याच गादीवरून
त्याच गादीवर मेसेज पाठवला :
रागावलास का?
त्याचा फोन टिंग वाजला.
भिंतीपलीकडं कूस बदलल्याचं ऐकू आलं.

मग एका रात्री, पहाटच म्हणा,
पलीकडून तेलुगूत कुजबुज.
आज हजार वळल्या, त्यातल्या साठ छाट काढल्या मेल्यानं,
पान ओलं होतं, मी काय करू, सांगा की.
मधे थांबत होत्या,
उत्तराला लागेल तेवढा वेळ.
मामांना जाऊन सहा वर्षं झाली.
आमची चाहूल लागली असावी,
एकदम गप्प झाल्या.
आणि मग तो खोकला.

अंबादास उठला.
पाती जाळीला घासणारा जुना टेबलफॅन
माळ्यावरून काढून त्यानं लावला.
थंडी मरणाची.
एकाच चादरीत आम्ही दोघं, दात वाजत,
फॅन खरखर खरखर.
बऱ्याच वेळानं पलीकडं अत्या
कुणावर तरी रागावल्या,
चांगल्या मोठ्यानं.